एका वावरातली सहा वजनं

मी पहिल्यांदा तोंडघशी पडलो तो सोयाबीनमध्ये. देवळी तालुक्यातलं तीन एकरांचं वावर, दिसायला पाटासारखं सपाट. अर्ध्यात जुनं वाण, अर्ध्यात नवं वाण पेरायचं, दोन्ही वेगवेगळं मळायचं, तोलायचं आणि सरस कोणतं ते सांगायचं, एवढंच काम होतं. नवं वाण उगवतीच्या अंगाला पडलं, जुनं मावळतीच्या. मळणी झाली तेव्हा नव्याची झडती एकरी दीड क्विंटलानं जास्त भरली. मी वहीत आकडा लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. वावराचे धनी सत्तरीचे काकाजी. ते गंजीच्या जागेवर पोत्याला टेकून बसले होते. माझ्या रेघांकडे बघत म्हणाले, "तुमचं बियाणं काई नाई जितलं जी. थ्या अंगाले आमच्या आज्याच्या टायमाले गावचा आखर होता."

आखर म्हणजे रानात जाण्याआधी गावची गुरं जिथे गोळा होतात ती जागा. कितीतरी वर्षांचं शेण आणि मूत त्या मातीत मुरलेलं होतं. पुढे गाव सरकलं, आखर सरकला आणि ती जागा वहितीत आली. पुढच्या खरिपात मी हट्टानं बाजू बदलल्या, जुनं वाण उगवतीला आणि नवं मावळतीला. या खेपेस जुनं जिंकलं, आणि जवळपास तेवढ्याच फरकानं. दोन वर्षं मी बियाण्याची परीक्षा घेतोय असं समजत होतो आणि खरं तर काकाजींच्या आज्याच्या काळातला आखर तोलत होतो.

पुढची पानं त्या फजितीतून निघाली आहेत. वर्धा जिल्ह्यातले विद्यार्थी, कृषिसेवक आणि स्वतःच्या वावरात काही करून बघणारे कास्तकार यांच्या हाती पडावी म्हणून ही पुस्तिका लिहिली. तिचा विषय एका ओळीत सांगता येतो: एकाच वावरात, एकाच बियाण्याचं, एकाच हातानं पेरलेलं पीक जागोजागी वेगवेगळं का भरतं आणि तो फरक मोजायचा कसा. हे मोजल्याशिवाय कोणत्याही खताची, वाणाची, फवारणीची तुलना करता येत नाही, असं माझं म्हणणं आहे. म्हणणं जुनंच आहे. पण बियाण्याच्या पिशव्या आणि फलकांवरचे 'एकरी इतके क्विंटल जास्त' वाचले की ते पुन्हा सांगावंसं वाटतं.

एक हिशेब करून बघू. आकडे कल्पित आहेत, पण या भागात सोयाबीन तोललेल्या कुणालाही ते परके वाटणार नाहीत. समजा, एका वावरात ठिकठिकाणी १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद असे सहा वाफे आखले. वाण एक, खत एक, पेरणी एकाच दिवशी एकाच तिफणीनं. मळून, वाळवून दाणे तोलले तर ८.७, ९.१, ९.८, १०.४, ११.८ आणि १२.२ किलो भरले. सरासरी १०.३ किलो. वाफा ५० चौरस मीटरांचा, म्हणजे हेक्टराचा २०० वा भाग. म्हणून सरासरी हेक्टरी साडेवीस क्विंटलांच्या आसपास, एकरी सव्वाआठच्या थोडं वर. इथवर ठीक. पण सगळ्यात हलका वाफा एकरी ७ क्विंटल सांगतो आणि सगळ्यात भारी वाफा जवळजवळ १०. बियाण्यात तिळभर फरक नसताना एकरी पावणेतीन क्विंटलांचं अंतर! या सहा वजनांचं सरासरीपासूनचं प्रमाण विचलन काढलं तर ते १.४ किलो येतं, सरासरीच्या सुमारे १४ टक्के. शेतावरच्या प्रयोगात एवढं विचलन म्हणजे काही आक्रीत नाही.

आता कुणी एका वाफ्यात नवं वाण लावून शेजारच्या वाफ्यापेक्षा दीड किलो जास्त आल्याचं सांगितलं, तर त्याला काय उत्तर द्यायचं? एवढा फरक तर वावर स्वतःच्या मनानंही दाखवतं, हेच.

वावर असं का वागतं, हे वर्धेच्या माणसाला शिकवावं लागत नाही. मध्य प्रांताच्या जुन्या जमाबंदीत इथल्या जमिनींचे वर्ग कली, मोरंड, खरडी, बरडी अशा नावांनी नोंदले जात. ती नावं कास्तकारांच्याच तोंडची होती. कली म्हणजे खोल काळी, मोरंड तिच्याहून फिकी आणि चुनखडीचे खडे असलेली, खरडी उथळ, बरडी म्हणजे मुरमाड टेकाडाची. आष्टी, कारंजा, आर्वीकडे डोंगरउताराची पातळ माती आणि हिंगणघाट, समुद्रपूरकडे वणेच्या खोऱ्यातली खोल काळी, हा ढोबळ नकाशा शाळेतल्या भूगोलात असतो. पण तोच सगळा जिल्हा लहान होऊन एकेका वावरात बसलेला असतो, हे भूगोलात नसतं. बेसॉल्ट झिजून झालेली माती वरून खाली घसरत येते. वरच्या धुऱ्याजवळ हातभर खाली मुरूम लागतो, खालच्या धुऱ्याजवळ तीन हात खणलं तरी काळीच. पाऊस ओढला की खालचा भाग तग धरतो आणि वरचा करपतो. सलग आठवडाभर झड लागली की उलटं होतं, खालचा भाग चिबडतो, पिवळा पडतो आणि वरची हलकी जमीन भाव खाते. म्हणजे वावराचा चांगला तुकडा कोणता, या प्रश्नाचं उत्तर दरवर्षीचा पाऊस बदलून देतो.

याखेरीज माणसांनी केलेल्या गोष्टी. बुजवलेली विहीर, मोडलेला जुना धुरा, शेणखताचे ढीग पावसाळ्याआधी पसरायचे राहून गेले ती जागा, बाभळीची सावली, कुंदा खणून काढला तो कोपरा, बैलजोडी वळते तिथली दाबलेली माती. शिवाय तिफणीचं एक नळकं मातीनं चोंदलं आणि चार तासं तशीच गेली, तर तो दोष जमिनीच्या नावावर चढतो. रोही आणि रानडुकरं नेमकी कोणत्या बाजूनं शिरतात, हेसुद्धा आकड्यांत उतरतं. वाफ्याच्या वजनात हे सगळं मिसळून येतं आणि तराजूच्या काट्याला त्यातलं काहीच वेगळं दाखवता येत नाही.

बियाणं की जमीन, हा गोंधळ या जिल्ह्यात दीडशे वर्षांहून जुना आहे. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६० च्या दशकात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी रुई मिळेनाशी झाली आणि सगळ्यांचे डोळे इकडे वळले. तेव्हा हिंगणघाटच्या कापसाचं नाव लिव्हरपूलच्या बाजारापर्यंत पोचलं होतं. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस आयुक्त नेमला गेला. त्या पदावर रिव्हेट-कारनॅक हा अधिकारी होता आणि हिंगणघाटी कापसात हलक्या वाणाची भेसळ होऊ नये ही त्याची मोठी काळजी होती. हिंगणघाटी सरकी खानदेशात नेऊन पेरण्याचाही खटाटोप झाला. त्यामागचा समज असा, की धाग्याची लांबी आणि मऊपणा सरकीत आहे, सरकी नेली की तेही जातील. व्यापाऱ्यांमध्ये दुसराही समज होता, की ते सगळं वणेकाठच्या मातीचं देणं आहे. दोन्ही बाजूंना आपापले अनुभव होते. कोणाचं किती खरं हे ठरवायला एकाच वावरात दोन्ही सरक्या पुन्हापुन्हा, आलटून पालटून लावायला हव्या होत्या. ती रीतच तोवर कोणाला गवसली नव्हती. मी केलेली चूक, फक्त दोन प्रांतांएवढ्या आकाराची.

रीत सापडायला विसावं शतक उजाडावं लागलं. इंग्लंडात रोदॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात मर्सर आणि हॉल या दोघांनी एक एकर गहू निवडला. सगळीकडे एकच वाण, एकसारखी निगा. कापणीच्या वेळी त्यांनी त्या एकराचे ५०० तुकडे केले आणि प्रत्येकाचे दाणे व काड वेगवेगळे तोलले. त्यांचा निबंध १९११ साली निघाला. सरासरी तुकडा ३.९५ पौंड दाण्याचा होता. सगळ्यात हलका २.७३ पौंड, सगळ्यात भारी ५.१६. जवळपास दुप्पट अंतर, तेही पिढ्यान्‌पिढ्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली असलेल्या शेतात. त्या निबंधाला एक पुरवणी होती. ती लिहिणारा गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस मद्यभट्टीत नोकरीला होता आणि 'स्टुडंट' या टोपणनावानं लिहीत असे. चांगलं जव कोणतं हे भट्टीला जाणून घ्यायचं होतं. त्यातून थोड्या नमुन्यांवर किती भरवसा ठेवावा याचं शास्त्र निघालं.

अशा तोलण्याला इंग्रजीत जे नाव आहे त्याचं मराठी 'एकरूपता चाचणी' असं करतात. मला ते नाव उलटं वाटतं. चाचणी एकरूपतेची असते आणि निकाल दरवेळी विषमतेचा लागतो.

महाराष्ट्रातली अशी एक चाचणी आपल्याकडे जितकी माहीत असायला हवी तितकी नाही. सोलापूर जिल्ह्यात मोहोळच्या शेतावर १९३० ते १९३२ अशी लागोपाठ तीन वर्षं एकाच एकरावर ज्वारी घेतली गेली. २९० फूट लांब आणि १५० फूट रुंद तुकडा एका मोठ्या शेताच्या मध्यातून निवडलेला, म्हणजे धुऱ्याचा परिणाम आत येऊ नये. त्याचे १६० वाफे केले. प्रत्येक वाफा साडेबाहात्तर फूट लांब आणि जेमतेम पावणेचार फूट रुंद, त्यात १५ इंचांवरची तीन तासं. चाळीस ओळी, चार रकाने. कुलकर्णी, बोस आणि महालनोबिस यांनी १९३६ साली त्या वजनांचा अभ्यास छापला. वाफ्याचा आकार आणि आकारमान यांनी प्रयोगाची अचूकता किती बदलते, हा त्यांचा प्रश्न. महालनोबिस म्हणजे कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेचे संस्थापक. कोरडवाहू ज्वारीचा एक एकर त्यांच्या टेबलापर्यंत जातो, याचं मला अजून अप्रूप वाटतं. मोहोळची खरी किंमत तीन वर्षांत आहे. एका वर्षाच्या वजनांवरून कुठे जास्त पिकलं ते कळतं. तेच १६० वाफे तीनदा तोलले की जागेचा स्वभाव किती आणि त्या वर्षाच्या पावसाची लहर किती, हे विचारता येतं. आपल्या चिबडणाऱ्या खालच्या धुऱ्यासाठी हाच प्रश्न कळीचा आहे.

याच सुमारास इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत हचिन्सन आणि विनायक गोविंद पानसे कापसावर हेच करत होते. कापसाच्या प्रयोगात वाफा केवढा, कोणत्या आकाराचा आणि कसा मांडावा, यावरचा त्यांचा निबंध १९३५ चा. आणि र. ज. कळमकर. रोदॅमस्टेडला शिकलेल्या या माणसाचा १९३२ चा निबंध बटाट्यावर आहे. कॅनडात ९६ ओळींचं एक बटाट्याचं शेत होतं, प्रत्येक ओळ १३२ फुटांची. ती २२-२२ फुटांच्या सहा तुकड्यांत खणली गेली होती आणि अशा ५७६ तुकड्यांची वजनं कळमकरांनी पिंजून काढली. पुढे पानसे आणि कळमकर ही दोन नावं कापसाच्या उत्पादनाच्या अंदाजासाठी एकत्र आली, तेव्हा त्यांचं काम वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यातल्या पऱ्हाटीत झालं. वर्धेहून अकोला रेल्वेनं अर्ध्या दिवसाचंही अंतर नाही.

वाफ्याच्या आकाराबद्दल नव्या माणसाची पहिली समजूत अशी असते, की वाफा जितका मोठा तितकं माप पक्कं. अर्धं खरं आहे. ऑस्ट्रेलियात फेअरफिल्ड स्मिथनं १९३८ मध्ये अनेक चाचण्यांची वजनं एकत्र मांडून दाखवलं, की वाफा दुप्पट केला तरी चढउतार त्या प्रमाणात उतरत नाहीत. कारण शेजारचे वाफे भाऊबंद असतात. एकाखालची माती खोल असेल तर दुसऱ्याखालचीही बहुधा खोल असते. दुसरा वाफा जोडून नवी माहिती थोडीच मिळते. तीच जमीन चार लहान वाफ्यांत वाटून वावराच्या चार कोपऱ्यांत नेली, तर चार वेगळे साक्षीदार मिळतात. चार साक्षीदारांनी सरासरीतली चूक निम्मी होते. निम्म्याची पाव करायची तर सोळा लागतात. वर्गमुळाचा हा नियम निर्दय आहे. तो माहीत झाला की 'एकाच वाफ्यात सिद्ध झालं' असं कुणी म्हणालं तरी राग येत नाही, कणव येते.

वर्धेच्या उतारासाठी यातून निघणारी गोष्ट सोपी आहे. एका गटातले, म्हणजे एकमेकांशी तुलना करायचे सगळे वाफे शक्य तितके एकसारख्या जमिनीवर बसवायचे. म्हणून गट उताराला आडवा: वरच्या धुऱ्याजवळ एक, मध्यात एक, खाली एक. गटाच्या आतले वाफे मात्र उताराच्या दिशेनं लांब आणि अरुंद, म्हणजे प्रत्येकाला वरची थोडी आणि खालची थोडी माती सारखीच मिळते. गटागटांत कितीही फरक असो, तो हिशेबातून वजा होतो. देवळीच्या त्या वावरात मी नेमकं उलटं केलं होतं.

वाण कोणत्या वाफ्यात जाणार हे चिठ्ठीनं ठरवायचं, या जागी कास्तकार अडतात. "शेती काय लॉटरीवर करावं का?" असं मला एकाहून अधिक वावरांत ऐकावं लागलं आहे. त्यांचं म्हणणं असं, की आम्हाला जमीन माहीत आहे, आम्ही समतोल बघून वाटून देतो. हा आक्षेप अडाण्याचा नाही. रोदॅमस्टेडच्या रोनाल्ड फिशरनं चिठ्ठीचा आग्रह धरला तेव्हा खुद्द गॉसेटनं हीच हरकत घेतली. डोळसपणे मांडलेली समतोल आखणी चिठ्ठीपेक्षा अचूक असते, असं तो १९३७ साली मरेपर्यंत म्हणत राहिला. फिशरचं उत्तर माझ्या शब्दांत असं: तुमची आखणी अचूक असेलही, पण ती किती अचूक आहे हे तुम्हाला सांगता येणार नाही, चिठ्ठी टाकली की चुकीचं माप प्रयोगाच्या पोटातूनच निघतं. माझा कौल फिशरला. पण चिठ्ठी टाकण्याआधी गट पाडायचे असतात आणि गट कुठे पाडायचे हे काकाजींनाच विचारायचं असतं, म्हणजे गॉसेटचाही मान राहतो.

आता कापणीच्या वेळी वाफा आखणाऱ्या दोरीकडे येऊ. इथे एका मराठी माणसाचं नाव ठळक आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनहून सांख्यिकी शिकून आले आणि १९४० मध्ये शेती संशोधन परिषदेत रुजू झाले. त्याआधी १९२०च्या दशकात हबॅक नावाच्या अधिकाऱ्यानं बिहार-ओरिसात भाताचं पीक जागा न निवडता, नशिबानं येईल त्या ठिकाणी लहान त्रिकोणी चौकट टाकून कापून बघितलं होतं. बंगालमध्ये महालनोबिस लहान कापणीच्या बाजूचे होते. लहान वाफा झटपट कापून होतो, माणसं पुष्कळ गावं फिरू शकतात. सुखात्मे आणि पानसे म्हणत, लहान वाफा उत्पन्न फुगवून सांगतो. १९४६-४७ मध्ये 'नेचर' आणि 'करंट सायन्स'मध्ये हा वाद रंगला. मुरादाबाद जिल्ह्यातल्या गव्हात सुखात्म्यांनी लहान-मोठ्या आकारांची कापणी करून पाहिली आणि वाफा लहान होत गेला तसा अंदाज वर चढत गेला.

कारण अगदी मानवी आहे. दोरीवर आलेलं झाड आतलं की बाहेरचं? कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस फूट आणि परीघही साडेबारा फूट, म्हणजे एकेका चौरस फुटामागे एक फूट वादग्रस्त सीमा. १० बाय ५ मीटरच्या वाफ्यात सुमारे ५३८ चौरस फुटांना ९८ फूट सीमा, साडेपाच पट कमी. म्हणून आज सरकारी पीक कापणी प्रयोगात सोयाबीनला तो मोठा वाफा असतो, नैर्ऋत्येचा कोपरा आकड्यांच्या तक्त्यावरून ठरतो आणि कापणी ग्रामसमितीच्या डोळ्यांदेखत होते. तरी तिथेही १०० ग्रॅमची चूक हेक्टरी २० किलोंवर जाते हे ध्यानात असू द्या. पीक विम्याची भरपाई बऱ्याच अंशी महसूल मंडळातल्या मोजक्या वाफ्यांच्या वजनांवर ठरते. दोरी ताणणाऱ्याला हे ठाऊक असतं, बघणाऱ्यांनाही असतं. ज्या वजनावर पैसे लटकतात ते वजन निर्विकार राहावं ही अपेक्षा मोठीच आहे. मंडळाचा सरासरी आकडा बरोबर असूनही एखाद्याचं बरडीवरचं वावर पुरतं गेलेलं असू शकतं. त्या माणसाला आपल्यावर लबाडी झाली असं वाटतं आणि कार्यालयाला तो खोटं बोलतोय असं वाटतं. मी दोन्हीकडच्या खुर्च्यांत बसलो आहे. बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. सरासरी आणि वावर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मात्र दोघांना कुणी सांगितलेलं नसतं.

सेवाग्रामच्या जिल्ह्यात सरासरीचा हा फसवेपणा समजायला सूत पुरेसं आहे. ६४० तारांची गुंडी तोलून सुताचा अंक काढत. दोन गुंड्यांचा अंक एकच येऊ शकतो, पण एकीचं सूत कुठे दोराएवढं आणि कुठे केसाएवढं. विणकराला अंकाशी फारसं देणंघेणं नसतं, मागावर सूत तुटतं ते सगळ्यात बारीक जागी. म्हणून कातणाऱ्याकडे अंकाबरोबर समानताही मागत.

पऱ्हाटीचं तोलणं सोयाबीनहून किचकट, त्यावर या पुस्तिकेत सगळ्यात जास्त पानं खर्ची पडली आहेत. सोयाबीन एकदा कापलं की संपलं. कापूस तीन-चार वेचण्यांत येतो आणि प्रत्येक वेचणीचा स्वभाव वेगळा. सीतादही होऊन पहिली वेचणी लागते तेव्हा सकाळी दव असतं. सकाळी वेचलेला वाफा आणि दुपारी वेचलेला वाफा एकाच तराजूवर एकाच दिवशी तोलला तर वजनात पाणी तोललं जातं. गुलाबी बोंडअळीच्या वर्षी शेवटच्या वेचणीत कवडीच, म्हणजे किडका कापूसच, जास्त. ती वेगळी तोलायची की एकत्र, हे आधी ठरवलं नसेल तर नंतर माणूस मनाला येईल तसं ठरवतो. आणि वेचणाऱ्या बाया. त्यांना मजुरी किलोवर मिळते. विरळ बोंडांच्या वाफ्यातून त्या भराभर पुढे सरकतात, दाट वाफ्यात रमतात. रोज भरायचा तर तसंच करावं लागतं, त्यात त्यांची चूक काही नाही. पण कमी पिकणारा वाफा त्यामुळे आहे त्याहून कमी दिसतो. प्रयोगाच्या वेचणीला मजुरी दिवसावर द्यावी आणि एका बाईला एक अख्खा गट द्यावा. मग तिचा हात भरभर असो की सावकाश, तो त्या गटातल्या सगळ्या वाणांना सारखाच लागतो. हे मला कोणत्या पुस्तकानं शिकवलं नाही. सेलू तालुक्यात एका वेचणीला दोन जावा शेजारच्या वाफ्यांत लागल्या. एकीच्या ओटीत सतत जास्त कापूस दिसत होता आणि माझ्या तक्त्यात तिच्या वाफ्याचं वाण चमकत होतं. त्या दिवशी ते कळलं.

तुटाळीचाही प्रश्न आहे. नांगे, म्हणजे रिकाम्या जागा, भरूनही वाफ्यात सहा झाडं कमी राहिली, तर वजनाला तेवढ्यापुरता भाव वाढवून द्यायचा का? मी म्हणेन, नाही. बाजूच्या झाडांना मोकळी जागा मिळून त्यांनी थोडी भरपाई केलेलीच असते. झाडं मोजा, लिहून ठेवा, वजनाला हात लावू नका. धुऱ्यालगतची दोन तासं मात्र निर्दयपणे बाहेर काढा. त्यांना उजेड आणि ओल वेगळी मिळते आणि सगळ्यात टपोरी बोंडं तिथेच असतात. पाहुण्यांना दाखवायला तीच तासं बरी.

गणिताला घाबरणाऱ्यांसाठी एक सूचना. पानसे आणि सुखात्मे यांचं शेती कार्यकर्त्यांसाठीचं सांख्यिकीचं पुस्तक १९५४ मध्ये निघालं आणि कृषी महाविद्यालयांच्या कपाटांत अजून सापडतं. माझ्या पिढीच्या हातातली त्याची प्रत कडांना काळी पडलेली असे. या पुस्तिकेत त्यातलं दहाव्या हिश्शाएवढंही नाही. बेरीज, वजाबाकी, भागाकार आणि मोबाईलमधलं वर्गमूळ एवढ्यावर सगळं भागतं. सूत्रं मुद्दाम शेवटी ठेवली आहेत, कारण वजनं चुकीची घेतली तर सूत्र त्यांना सुधारत नाही.

पुस्तिकेचं पहिलं पान कोरं सोडलं आहे. ते तुमच्या वावराच्या नकाशासाठी. प्रयोग करायचा असो वा नसो, वखरणीआधी ते भरा. चारी धुरे काढा, उताराचा बाण काढा, झाडं काढा. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला वावरात घेऊन जा. चालणं होत नसेल तर बंडीत किंवा मोटरसायकलवर बसवून न्या, आणि त्यांच्या मागे मागे चालत विचारत राहा: विहीर कुठे बुजवली, गोठा कुठे होता, पाणी कुठे साचायचं, कोणत्या तुकड्यात बैल थांबायचे, कोणता तुकडा वाटणीत कोणाला नको होता. सातबाऱ्यावर यातलं काही नसतं. ते सांगतील त्या जागा पेन्सिलीनं काढा, खोडता येतील अशा. पहिली वजनं आली की पुन्हा त्यांच्याकडे जा आणि दाखवा.